माइक बाबांपासून लांब ठेव

कामावर असताना माझ्या गाडीची किल्ली बहुतेक वेळा फ्रीजमध्ये असायची. विसराळूपणा नव्हे, आमच्या धंद्यातली ती जुनी रीत आहे. मी ध्वनिमुद्रण करायचे, तेही स्टुडिओत बसून नाही, तर जिथे कार्यक्रम असेल तिथे जाऊन. चर्चमध्ये, पबच्या मागच्या खोलीत, शाळेच्या हॉलमध्ये. अशा प्रत्येक जागी कुठेतरी एक फ्रीज घुमत असतो. माणसांना तो ऐकू येत नाही, माइकला येतो. म्हणून पोहोचल्याबरोबर फ्रीज बंद करायचा आणि आपली किल्ली त्यात ठेवून द्यायची. मग तो परत चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. एकदा फ्रीज परत चालू करायचा विसरून एका चर्चच्या बायकांनी खपून केलेल्या केक-कस्टर्डच्या ट्रायफलचा आणि ताटभर सँडविचेसचा सत्यानाश केल्यावर मी ही रीत उचलली. त्यातल्या एक बाई अजूनही मला लंडनजवळच्या वॉटफर्डच्या बाजारात पाहिलं की रस्ता ओलांडतात.

आमच्या इथल्या मराठी मंडळींना मी नेमकं काय करते ते कधीच कळलं नाही. बाबा सगळ्यांना सांगायचे, "नीलू साउंडमध्ये असते." बाबा डॉक्टर, त्यांचे मित्र डॉक्टर, त्यामुळे समोरच्याला वाटायचं की मी कुठल्यातरी हॉस्पिटलात अल्ट्रासाउंड करते. बाबा ती समजूत दुरुस्त करायच्या भानगडीत पडायचे नाहीत. फार्मसीचं शिक्षण दुसऱ्या वर्षाला सोडून मी हे खूळ घेतलं, त्याला तेव्हा वीस-बावीस वर्षं होऊन गेली होती. पण घरातली काही दुखणी जुनी झाली तरी बरी होत नाहीत.

गिऱ्हाइकं मात्र एकाहून एक भेटली. ग्लासगोचा एक बॅगपाइपवाला होता. त्याला स्वतःच्या न्हाणीघरातच वाजवायचं होतं, कारण तिथे त्याला स्वतःचं वाजवणं सगळ्यात चांगलं वाटायचं. मी टबात माइक ठेवून ते रेकॉर्ड केलं, आणि खरं सांगायचं तर तो म्हणत होता ते बरोबर होतं. एका गायकवृंदाचे संचालक ताल धरताना पाय इतका आपटायचे की शेवटी मी त्यांच्या पायाखाली माझा स्वतःचा कोट अंथरला. या सगळ्यांवर लिहिता येईल. पण मला लिहायचंय ते अल्बीच्या लाइव्ह अल्बमबद्दल, आणि ते लिहायचं तर आधी ग्लासगोच्या आमच्या दिवाणखान्यापासून सुरुवात करायला हवी.

मी लहान असताना आमच्याकडे गाण्याच्या बैठका व्हायच्या. बाबा ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. दिवसभर निपचित पडलेल्या माणसांच्या उशाशी बसायचं काम, त्याची भरपाई ते बैठकीत करायचे. आई गायची. शिकलेली होती, आवाज गोड आणि जरा नाजूक. तिने एखादी जागा घेतली की बाबा हात वर करून म्हणायचे, "क्या बात है!" हळू नाही, चांगलं खणखणीत. या बैठका टेप करून आई पुण्याला मावशीकडे पाठवायची, आणि मावशीची दर वेळी एकच तक्रार, की तुझ्यापेक्षा भाऊजींचाच आवाज जास्त येतो.

मग आईने टेपरेकॉर्डर माझ्या ताब्यात दिला. दहा-अकरा वर्षांची असेन. बटणं कशी दाबायची ते सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आणि हे बघ, माइक बाबांपासून लांब ठेव." या धंद्यातला माझा पहिला धडा तो. मी बाबांना खिडकीपाशी बसवायचे आणि माइक आईच्या पुढ्यात, बाबांकडे पाठ करून ठेवायचे. पुढे पुस्तकांत वाचलं तेव्हा कळलं की माइक कुठे ठेवायचा यापेक्षा त्याचं तोंड कुठून फिरवायचं हेच यातलं अर्धं शास्त्र आहे. मला ते आधीच येत होतं.

आई गेली तेव्हा मी बाबांना ग्लासगोहून वॉटफर्डला माझ्याकडे घेऊन आले. माझा घटस्फोट होऊन गेलेला, घरात जागा होती. बाबा आले, त्यांच्याबरोबर त्या टेपांची खोकी आली, आणि खोकी जिन्याखाली गेली. बाबा ती उघडू देत नसत. गाणं लावलं की उठून आपल्या खोलीत जात. बोलणं इतकंच उरलं होतं, "चहा झाला," "पोस्ट आलंय," "मी पडतो जरा." एवढा गप्पिष्ट माणूस. मला त्यांची काळजी वाटायची, आणि राग पण यायचा, कारण आई माझीही गेली होती.

त्याच सुमाराला अल्बीचं काम आलं. दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं, सीडी अजून खपत होत्या.

अल्बी सत्तरीचा. लहानपणी आईवडिलांबरोबर बार्बेडोसहून आलेला, सगळं आयुष्य वॉटफर्डमध्ये बस चालवलेली, आणि शनिवार-रविवार पियानो. रिदम अँड ब्लूज. माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. डावा हात चालत राहतो, एक ठेका धरून, ठरावीक मात्रांचं आवर्तन पूर्ण करून परत पहिल्या जागी येतो, आणि उजवा हात त्याच्यावर बोलतो, रडतो, थट्टा करतो. आपल्याकडे समेवर येण्याची जी गंमत आहे ना, तीच. तरुणपणी अल्बीची एक रेकॉर्ड निघाली होती, कोणी ऐकली नाही. आता सायमन नावाच्या एका माणसाने, त्याची स्वतःची छोटीशी रेकॉर्ड कंपनी होती, अल्बीचा लाइव्ह अल्बम काढायचं ठरवलं. एका क्लबात लागोपाठ दोन संध्याकाळी कार्यक्रम. दोन्ही रेकॉर्ड करायचे आणि चांगलं असेल ते घ्यायचं.

घाई होती, कारण अल्बीचा डावा हात जात चालला होता. दोन बोटं सकाळी वळत नसत. "हा हिवाळा निघेल," त्याने मला पियानोवर माइक लावताना सांगितलं, जसं आपण जुन्या गाडीबद्दल बोलतो तसं. "पुढच्याची खात्री नाही. तेव्हा नीला, जे असेल ते नीट पकड."

पहिल्या संध्याकाळी पकडायला काही नव्हतंच. सायमन भला माणूस, पण घाबरट. खर्च त्याचा होता, म्हणून ग्लासांचा आवाज नको यासाठी त्याने बार बंद ठेवला. अल्बीचे बस डेपोतले दोस्त नेहमी उभे राहून ऐकायचे, त्यांना मागच्या खुर्च्यांवर नीट बसवलं. आणि दारावर मोठी कागदी पाटी लावली: रेकॉर्डिंग सुरू आहे, कृपया शांतता राखावी. इंग्रज माणसाला पाटी दाखवली की विषय संपला. गाणं संपेपर्यंत हॉलमध्ये कोणी श्वाससुद्धा जोरात घेतला नाही, आणि संपल्यावर तोलूनमापून टाळ्या.

मी बाहेर माझ्या व्हॅनमध्ये होते. आमचं काम असंच असतं. आतलं एका छोट्या करड्या पडद्यावर दिसतं, ऐकायला हेडफोन, समोर आवाजाच्या पट्ट्या. एकही सूर चुकला नाही, पण सगळं कसं परीक्षेला बसल्यासारखं चाललं होतं. कार्यक्रमानंतर मी आत गेले तर सायमन म्हणाला, "काळजी नको, टाळ्या-शिट्ट्या नंतर घालू." घालता येतात. दुसऱ्याच कार्यक्रमाच्या टाळ्या बेमालूम चिकटवता येतात. अल्बी मागे उभा राहून ते ऐकत होता. त्याने पियानोचं झाकण लावलं आणि कोट चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात ते रेकॉर्डिंग लावून बसले होते. बाबा उठून जातील असं वाटलं होतं, पण टोस्टला बटर लावायचं राहिलं होतं म्हणून असेल, बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "कोणी आलं नव्हतं का?"

"हॉल फुल होता, बाबा."

"मग हा एकटाच काय बोलतोय?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "बघ, इथे विचारलं त्याने. आता परत विचारलं. कोणी हूं का चूं नाही. ते लोक झोपले होते का? माझे पेशंट बरे."

कित्येक महिन्यांत ते सलग इतकं बोलले नव्हते. मी विचार न करता म्हणाले, "मग आज तुम्ही चला."

"मी कशाला?"

"दुसरा शो आहे. पुढची सीट देते. नाही आवडलं तर व्हॅनमध्ये येऊन बसा माझ्याबरोबर."

बाबा 'बघू' म्हणाले. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा. पण संध्याकाळी मी केबलची गुंडाळी उचलायला आले तर ते दारात टाय-कोट घालून उभे होते, हॉस्पिटलला निघाल्यासारखे.

क्लबमध्ये मी बारचा फ्रीज बंद केला, किल्ली आत टाकली आणि माइक लावायला घेतले. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये श्रोत्यांसाठी वेगळे माइक असतात, उंचावर, सगळ्या हॉलचा मिळून आवाज यावा म्हणून. ते लावून झाल्यावर माझ्याकडे एक छोटा माइक उरला. बाबा पहिल्या रांगेत कडेला बसले होते, हात मांडीवर ठेवून. मी तो माइक स्टेजच्या कठड्याला, अगदी खाली लावला, आणि त्याचं तोंड बाबांकडे केलं. हे कोणी सांगितलं नव्हतं. आयुष्यभर ज्या माणसापासून माइक वळवला त्याच्याकडे तो करताना मी क्लिप दोनदा काढून परत लावली, एवढं आठवतंय.

पहिला भाग आदल्या दिवसासारखाच गेला. पण माझ्या हेडफोनमध्ये एका बाजूला बाबा होते. त्यांचा बूट ठेक्यावर हलत होता. एका जागी त्यांनी इतका खोल श्वास घेतला की मला वाटलं, आता. पण नाही. तोंडावर हात ठेवल्यासारखा दबलेला आवाज आला, बस.

मध्यंतरात मी आत गेले. "कसं वाटतंय?"

"डावा हात दुखतोय त्याचा," बाबा म्हणाले. "जिथे बोट पोचणार नाही तिथे आधीच थांबतो. पण नीलू, काय थांबतो! दुखणं त्याने गाण्यात जिरवलंय."

"मग सांगा ना त्यांना."

"पाटी आहे बाहेर."

बाबा इतकी वर्षं या देशात राहिले, पण एक पाटी कधी मोडली नाही. नियम पाळला की कोणी बोट दाखवत नाही, हे त्यांनी आल्याआल्या ठरवून टाकलं होतं. मी बाहेर गेले, पाटी काढली, घडी घालून बॅगेत टाकली आणि परत येऊन म्हणाले, "आता नाहीये."

"त्या सायमनला विचारलंस?"

"बाबा, तुम्ही गाणं ऐका."

दुसऱ्या भागात अल्बीने एक संथ चीज घेतली. शब्द नव्हते, नुसता पियानो. उजवा हात वरून घरंगळत खाली आला, शेवटच्या सुराच्या आधी थांबला, जास्तच थांबला, आणि मग तो सूर असा हलकेच ठेवला की माझी बोटं बटणांवर तशीच राहिली. त्या शांततेत बाबांचा आवाज आला.

"क्या बात है!"

पडद्यावर सगळी डोकी एकदम वळली. अल्बीचे हात थांबले. मी व्हॅनमध्ये, मध्ये दोन भिंती. बाबा उठून उभे राहिलेले दिसले.

"आय ॲम सो सॉरी," ते म्हणाले. ग्लासगोच्या वळणाचं त्यांचं ते इंग्लिश. "प्लीज, कंटिन्यू."

"नाही, नाही," अल्बी म्हणाला. त्याचं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय. "काय म्हणालात तुम्ही, सर?"

"आमच्याकडे म्हणतात तसं. म्हणजे... मनापासून आवडलं की. बैठकीत. माझी बायको गायची, तेव्हा मी म्हणायचो. सवय."

"त्या आल्यात आज?"

"नाही," बाबा म्हणाले. "ती आता नाही."

अल्बीने मान हलवली. म्हणाला, "मग ती जागा मी परत वाजवतो. पण उगाच म्हणू नका हं. मी मिळवलं तरच म्हणा."

त्याने वाजवलं. छान वाजवलं. तोच उतार, तोच थांबा, तोच सूर. आणि बाबा गप्प.

अल्बीने वळून पाहिलं. बाबांनी अगदी सभ्यपणे मान नकारार्थी हलवली. मला वाटलं आता मी तोंड कुठे लपवू. आणि अल्बी हसत सुटला. हॉल हसला. मागून डेपोतला कोणीतरी ओरडला, "सांगितलं बघ तुला, अल्बी!" आणि खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, ती मंडळी उठून उभी राहिली होती.

तिसऱ्यांदा अल्बीने ती जागा घेतलीच नाही. नुसता तिच्या आजूबाजूने फिरत राहिला, आता येईल आता येईल करत, आवर्तनामागून आवर्तन, मागून लोक त्याला चिडवताहेत, तो पियानोवरून उत्तर देतोय. आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना तो सूर ठेवून मोकळा झाला. बाबांची दाद आली तेव्हा आवाज फुटला होता. 'क्या' नीट आलं, पुढचं अर्धं रडण्यात गेलं. मी व्हॅनमध्ये एकटी होते, त्यामुळे माझं कोणी पाहिलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर फ्रीजमधून किल्ली काढली आणि बाबांच्या हातात दिली. "गार आहे," एवढंच ते म्हणाले. गाडीत बसेपर्यंत मुठीत धरून होते, चालू करायला मला ती मागून घ्यावी लागली.

पुढचं काम लंडनमधल्या एजवेअरला. तिथे एका शिंप्याच्या दुकानामागे माझी संकलनाची खोली होती. सायमन खूश होता, पण त्याची एक अट होती. त्या संथ चिजेचं पहिलं वादन घ्यायचं, आणि त्या गृहस्थाचा आवाज आणि नंतरची बडबड काढून टाकायची. "लोक गाणं विकत घेतात, संभाषण नाही," असं त्याचं म्हणणं, आणि त्याच्या जागी ते चूक नव्हतं. त्याला त्या गृहस्थांचं आणि माझं नातं माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. आपल्या बापाचा आवाज आहे म्हणून ठेवा, असं म्हणणाऱ्या माणसाला या धंद्यात कोणी उभं करू नये असं माझं अजूनही मत आहे.

तर मी तो काढला. बाबांचे शब्द सुराच्या आसेवर, म्हणजे मागे रेंगाळणाऱ्या नादावर पडले होते, म्हणून आदल्या रात्रीच्या वादनातली आस आणि तिथून पुढचं सगळं घेऊन इथे जोडलं. दोन दिवस खपले. ते काम इतकं स्वच्छ झालं की मलाच सांधा सापडेना. आणि ते ऐकताना मला आमचा ग्लासगोचा दिवाणखाना दिसायला लागला, खिडकीपाशी रिकामी खुर्ची असलेला.

अल्बी ऐकायला आला. मी दोन्ही वादनं लावली, आधी साफ केलेलं, मग जसं झालं तसं. कुठलं चांगलं ते बोलले नाही. अल्बी डोळे मिटून बसला होता, दुखरा हात कुशीत धरून.

"पहिल्यात मी एकटा आहे," तो म्हणाला.

"आवाज तिथे जास्त स्वच्छ आहे," सायमन म्हणाला.

"सायमन, मी आयुष्यभर बस चालवली. रिकामी बसही स्वच्छ असते." मग माझ्याकडे वळून, "कोण होते ते? सापडतील का?"

आता थेट विचारलं म्हटल्यावर सांगणं भाग होतं. "माझे वडील आहेत," मी म्हटलं.

सायमनच्या हातातला चहा हिंदकळला. अल्बीने खुर्ची माझ्याकडे ओढली. "आणि तू त्यांना इतकं सफाईने काढलंस?"

"लहानपणापासून काढतेय," मी म्हणाले, आणि मला हसू आलं, आणि मग हसूच राहिलं नाही.

अल्बम निघाला तो सगळ्यासकट. माफी, नकार, हशा, सगळं. खप बेताचाच झाला. अल्बीने त्याच्या मुखपृष्ठाच्या आत वादकांच्या नावांत एक ओळ घालायला लावली. पियानो अमुक, बास तमुक, ड्रम्स तमुक, आणि खाली: डॉ. लिमये, क्या बात है. बाबांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. मग मित्राला फोन करून म्हणाले, "अरे, नीलू रेकॉर्डिंग करते. मोठमोठ्या कलावंतांचं. नाही नाही, हॉस्पिटलमध्ये नाही."

त्या आठवड्यात जिन्याखालचं पहिलं खोकं त्यांनी स्वतः ओढून बाहेर काढलं.

मी जुना टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. आईचा बागेश्री लागला, तबल्यापेक्षा पुढे, स्वच्छ, अगदी माझ्या पुढ्यात बसून गातेय असा. मी माइक चांगला लावला होता. तिने ती वरची जागा घेतली, आणि माझ्या शेजारी बसलेले बाबा हळूच म्हणाले, "क्या बात है." टेपवरचे बाबा मागोमाग म्हणाले, फार लांबून, दुसऱ्या कुठल्या घरातून बोलल्यासारखे.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मी इतका लांब बसायचो?"

"तुम्ही तिथेच होता, बाबा. माइक लांब होता."

"कोणी ठेवला?"

"मी. आईने सांगितलं होतं."

बाबा हसले. किती तरी दिवसांनी त्यांना खांदे हलेपर्यंत हसताना पाहिलं. डोळे पुसले, उठले, आपली खुर्ची उचलली, टेपरेकॉर्डरला गुडघे लागतील इतकी जवळ आणून ठेवली, आणि बसता बसता म्हणाले, "टेप मागे घे."